सुटलेली शाळा पुन्हा धरता येते

मृगाचा पाऊस पडून पेरण्या आटोपल्या, म्हणजे आमच्या मराठी शाळेच्या ओट्यावर दोन प्रकारची माणसे येतात. पहिली म्हणजे पोराचे नाव घालण्यास आलेले आईबाप. ती भरदिवसा येतात आणि मोठ्याने बोलतात. दुसरी माणसे दिवेलागणीस, शाळेत कोणी नाही असे पाहून येतात. पाऊसपाण्याची गोष्ट काढतात, कपाशीवरच्या बोंडअळीचे विचारतात आणि उठता उठता हळूच म्हणतात, ''मास्तर, तो सतरा नंबरचा फॉर्म म्हणतात, तो काय असतो हो?''

ही दुसरी माणसे आमच्या आजच्या लेखाचा विषय आहेत. त्यांत सहावीतून काढून धाकट्या भावास सांभाळण्यास बसविलेली मुलगी आहे. ती आता दोन लेकरांची आई झाली. चाळीसगाव-पारोळ्याकडून कोयता घेऊन आईबापांबरोबर ऊसतोडीस गेलेला आणि परत येईतो वार्षिक परीक्षा उरकलेली असे, तो मुलगा आहे. शिरपूर-चोपड्याच्या डोंगरपट्टीतील पावरा व भिल्ल समाजाची, पुस्तकातली मराठी कानावर पडण्यापूर्वीच नापास ठरलेली पोरे आहेत. पंधराव्या वर्षी सुरतेस उधना-लिंबायतेत मागावर गेलेला आणि तेथून खोकला घेऊन परतलेला तरुणही आहे. ही माणसे चोरून का येतात? लाज वाटते म्हणून. ज्याने चोरी केली तो उजळ माथ्याने फिरतो आणि ज्याची शाळा चोरीस गेली त्याने तोंड लपवावे, हा न्याय कोठला?

आता कोणी विचारील, की तीस-पस्तीस वर्षांच्या बाईस दहावीचा कागद हवा कशाला? आमच्या गावची एक बाई आम्हांस आहे त्याच शब्दांत म्हणाली होती, ''शिकीसन काय करू आते?'' तिला दिलेले उत्तर येथे सांगतो. अंगणवाडीत मदतनीस व्हावयास पूर्वी सातवी पुरे होती आणि सेविकेस दहावी. २०२३ सालापासून दोघींसही बारावी लागते. २०१७ साली ग्रामपंचायतीच्या कायद्यात दुरुस्ती होऊन, १ जानेवारी १९९५ रोजी वा त्यानंतर जन्मलेल्यास सरपंच व्हावयाचे तर सातवी उत्तीर्ण असावे लागते. (कायदे करणाऱ्या आमदार-खासदारांस मात्र शाळेची कसलीही अट नाही. हे आम्ही गमतीने लिहीत नाही.) म्हणजे ज्या पिढीची शाळा दारिद्र्याने सुटली, तिला गावचा कारभारही बंद आणि गावातली नोकरीही बंद. २०१९ साली केंद्र सरकारने मालमोटार चालविण्याच्या परवान्यास असलेली आठवीची अट काढून टाकली, तेवढा एक दरवाजा उघडला. बाकी दरवाजांस अजून कागदाचीच किल्ली लागते. ही किल्ली मिळविण्याच्या वाटा सरकारने ठेविल्या आहेत. परंतु त्या आमच्या लोकांस धड कोणी सांगत नाही, म्हणून प्रथम त्याच सांगतो.

पहिली वाट सतरा नंबरच्या फॉर्मची. राज्याच्या माध्यमिक व उच्च माध्यमिक शिक्षण मंडळाच्या परीक्षेस शाळेत न जाता, खाजगी रीतीने बसण्याचा हा अर्ज आहे. किमान पाचवी उत्तीर्ण असून वयाची १४ वर्षे पूर्ण झालेल्या कोणालाही दहावीस बसता येते. वरची वयोमर्यादा नाही. अर्ज बहुधा पावसाळ्यात संगणकावरून भरून घेतात, परीक्षा पुढील फेब्रुवारी-मार्चात होते. शाळा सोडल्याचा मूळ दाखला लागतो. तो हरवला असल्यास दुसरी प्रत व प्रतिज्ञापत्र लागते. जळगाव, धुळे, नंदुरबार हे आपले तिन्ही जिल्हे मंडळाच्या नाशिक विभागाखाली येतात. प्रश्नपत्रिका तीच, जी शाळेत जाणाऱ्या मुलांस मिळते. प्रमाणपत्रही त्याच तोलाचे. आणि हे नीट ध्यानात ठेवावे, की काही विषयांत नापास झाल्यास पास झालेले विषय वाया जात नाहीत; राहिलेल्या विषयांसच पुन्हा बसावयाचे असते.

दुसरी वाट राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेची. ही केंद्र सरकारची संस्था १९८९ साली निघाली. येथे एकदा नाव घातले म्हणजे पाच वर्षांत नऊ वेळा परीक्षेस बसता येते आणि एकेक विषय करून पाच विषय पुरे करता येतात. कापूस वेचणीच्या हंगामात एक विषय सोडून पुढील खेपेस तो दिला तरी चालते. दहावीचा अभ्यासक्रम मराठीतूनही आहे. तिसरी वाट आपल्या राज्याच्या मुक्त विद्यालय मंडळाची. तेथे दहावी-बारावीबरोबर पाचवी आणि आठवी यांच्या तोलाच्याही परीक्षा होतात. आमच्या मते ही तिसरी वाट सर्वांत उपयोगी आहे आणि तिचेच नाव गावात कोणास ठाऊक नाही. ज्याला दहावी डोंगराएवढी वाटते त्याला आठवी टेकडीएवढी वाटते, आणि टेकडीवर चढलेला माणूस पुढे डोंगराकडे पाहू लागतो.

वाटा आहेत, प्रमाणपत्रही मिळते, मग आमची तक्रार ती काय? ती नीट सांगण्यासाठी आम्हांस आमच्याच हातून झालेली एक चूक लिहिणे भाग आहे.

काही वर्षांपूर्वी गावातील एक बाई अशीच दिवेलागणीस आली. पाचवी झालेली, त्यानंतर चौदा-पंधरा वर्षे हातात पुस्तक नाही. वाचन मात्र चांगले. पोथी वाची, वर्तमानपत्र वाची. आम्हांस कौतुक वाटले. त्या भरात आम्ही तिचा फॉर्म भरविला, बाजारातील अपेक्षित प्रश्नांचा संच आणून दिला आणि ''पाठ करा, होऊन जाईल'' असे सांगितले. तिला भागाकार येतो की नाही, हे आम्ही विचारले नाही. इंग्रजीची अक्षरे तरी ओळखते का, हेही विचारले नाही. पंचवीस वर्षे मुलांना शिकविणाऱ्या मास्तराने हे न विचारावे, याला काय म्हणावे? बाई केळीच्या मळ्यातून दमून आल्यावर रात्री निबंध पाठ करीत असे. मराठीत, इतिहास-भूगोलात पास झाली. गणित, इंग्रजी व विज्ञानात गेली. निकाल किराणा दुकानावर दुसऱ्याच्या मोबाइलवर, चार माणसांत पाहिला गेला. राहिलेल्या विषयांस पुन्हा बसता येते हे सांगावयास आम्ही तिच्या घरी गेलो, तेव्हा ती बाहेर आली नाही. तिच्या सासूने सांगितले, ''मास्तर, आता पुरे करा.''

दोष तिच्या बुद्धीचा नव्हता. आम्ही तिला जिन्याच्या दहाव्या पायरीवर उडी मारावयास सांगितले होते, आणि ती कोणत्या पायरीवर उभी आहे हे पाहिलेच नव्हते.

हीच गोष्ट साऱ्या व्यवस्थेत आहे. सरकार परीक्षा घेते, शुल्क घेते, पास-नापास सांगते. परंतु शाळा सुटलेला माणूस आज कोठे उभा आहे आणि त्याने कोठून आरंभ करावा, हे अजमावून सांगणारा कोणी नेमलेला नाही. संपर्क केंद्र म्हणून एक शाळा नेमून देतात. आमच्या अनुभवात त्या केंद्राचे काम म्हणजे कागद तपासणे, तोंडी परीक्षा उरकणे आणि प्रवेशपत्र हाती देणे. लहान मुलांसाठी २०१० सालापासून लागू झालेल्या शिक्षण हक्काच्या कायद्यात ही सोय आहे: शाळाबाह्य मुलाला त्याच्या वयाच्या वर्गात घ्यावे आणि मागे पडलेला अभ्यास विशेष वर्गात भरून द्यावा. मोठ्या माणसासाठी एका टोकास साक्षरतेची चाचणी आहे. नवभारत साक्षरता कार्यक्रमात वाचन, लेखन व संख्याज्ञान अशी १५० गुणांची परीक्षा होते; २०२४ च्या मार्चात आपल्या राज्यात ती झाली, तेव्हा नातवंडांना घेऊन आज्या बाकावर बसल्या. दुसऱ्या टोकास दहावी. मधल्या पायऱ्यांवर हात धरावयास कोणी नाही.

दूरच्या देशात हे कसे करतात ते पाहण्याजोगे आहे. अमेरिकेत १९४२ साली, दुसरे महायुद्ध चालू असता, हायस्कूल अर्धे टाकून सैन्यात गेलेल्या तरुणांसाठी शाळेच्या तोलाची एक परीक्षा निघाली. पुढे ती सर्वांस खुली झाली. तेथे कराच्या पैशावर चालणारी दोन-दोन वर्षांची लोकमहाविद्यालये आहेत. शाळा सुटलेला मजूर तेथे गेला, तर त्याचे वाचन, लेखन व गणित अजमावून, त्याप्रमाणे कोणत्या वर्गात बसावे ते सांगण्याचा त्यांचा रिवाज. अनेक ठिकाणी त्या तोलाच्या परीक्षेची तयारीही तेथेच करवून घेतात. परंतु त्यांनीही एक ठेच खाल्ली. तासा-दीड तासाच्या चाचणीवरून अनेकांस विनाकारण खालच्या वर्गात बसविले गेले, आणि त्यांतले पुष्कळ लोक कंटाळून कॉलेज सोडून गेले. तेव्हा कॅलिफोर्निया राज्याने २०१७ साली कायदा करून शाळेतील जुने गुणही विचारात घेण्यास लाविले. ही ठेच आपण ध्यानात ठेवावी. माणसाला खाली बसविण्यासाठी परीक्षा घेण्याची कला या देशास शिकविण्याची गरज नाही; ती आमच्याकडे फार जुनी आहे. आम्ही म्हणतो ती अजमावणी शिकणाऱ्याने आपल्यासाठी करावयाची आहे.

ती कशी करावी? आमच्याच गावच्या एका सुताराचे उदाहरण देतो, कारण त्याच्यापासून आम्ही शिकलो. वय तिशीचे, शाळा सातवीत सुटलेली. बाईच्या वेळची चूक पुन्हा नको म्हणून आम्ही प्रथम त्याला चौथीचे पुस्तक दिले व एक पान मोठ्याने वाचावयास सांगितले. अडखळत वाचले. मग वर्तमानपत्रातील पाच ओळी सांगून लिहवून घेतल्या. जोडाक्षरे चुकली, मजकूर बरोबर. बियाण्याच्या पिशवीवरचे इंग्रजी दाखविले. मोठी अक्षरे ओळखली, लहान नाहीत. गणितात तीन अष्टमांश अधिक पाच अष्टमांश ही बेरीज घातली. त्याने लिहिले आठ सोळांश. एखाद्या परीक्षकाने तेथेच लाल रेघ मारली असती. आम्ही विचारले, ''तीन सूत आणि पाच सूत मिळून किती?'' तो क्षणात म्हणाला, ''एक इंच.'' आठ सुतांचा इंच हे ज्याच्या बोटांत आहे, त्याला अष्टमांश येत नाही असे कोण म्हणेल? त्याला फक्त कागदावरची लिपी ठाऊक नव्हती. लाकडाचे घनफूट तो तोंडी काढतो: लांबी फुटांत, रुंदी आणि जाडी इंचांत घेऊन गुणाकार करतो आणि १४४ ने भागतो. हा भागाकार सातवीच्या किती मुलांस येतो, ते आम्ही मास्तर असूनही छातीठोकपणे सांगणार नाही.

तेव्हा त्याचा हिशेब असा निघाला: गणित आठवीच्या जवळ, मराठी पाचवी-सहावीचे, इंग्रजी पहिलीचे. त्याने आरंभी सारा जोर इंग्रजीवर दिला. आपल्याच मुलीचे पुस्तक घेऊन, तिच्याच शेजारी बसून शिकला. मुलगी बापाच्या चुका काढी आणि बाप हसे. आधी आठवी दिली, मग दहावी. इंग्रजी पहिल्या खेपेस राहिले, दुसऱ्या खेपेस सुटले. आरंभापासून धरून सुमारे साडेतीन वर्षे लागली. ''तीन महिन्यांत दहावी'' सांगणाऱ्यांस हा आकडा आवडणार नाही.

त्या सांगणाऱ्यांविषयीही दोन शब्द लिहिलेच पाहिजेत. तालुक्याच्या गावी भिंतींवर ''घरबसल्या दहावी-बारावी पास'' अशा पाट्या असतात. आमच्या गावचे दोन तरुण अशाच एका दलालाच्या हाती लागले. शेळ्या विकून पैसे दिले, परीक्षेस बसावे लागलेच नाही, आणि एका भारदस्त नावाच्या मंडळाचे चकचकीत प्रमाणपत्र आले. भरतीच्या वेळी साहेबाने ते उलटून-पालटून पाहिले व परत दिले. असे मंडळच मान्यतेचे नव्हते. पैसे गेले, भरतीचे वय गेले. शेतकरी बैल विकत घेताना दात पाहतो, खांदा पाहतो, दोन तास चालवून पाहतो. मग आपल्या आयुष्याचा कागद घेताना तो कोणत्या मंडळाचा, एवढे तरी पाहावे की नाही? परीक्षेस न बसता पास करणारे मंडळ खोटे, एवढी एकच खूण पुरे आहे.

भाषेचीही एक अडचण आहे. घरी अहिराणी, रानात अहिराणी, बाजारात अहिराणी. यावल-रावेरकडे लेवा बोली. डोंगरात पावरी आणि भिली. प्रश्नपत्रिका मात्र पुण्याच्या मराठीत. शिकणाऱ्यास उत्तर येत असते आणि शब्द सापडत नाही. त्याने आपली बोली कमी प्रतीची समजू नये. जळगावचे विद्यापीठ १९९० साली स्थापन झाले आणि २०१८ साली त्याला जिचे नाव दिले, त्या आसोद्याच्या बहिणाबाई चौधरी शाळेत गेलेल्या नव्हत्या, त्यांना लिहिता येत नव्हते. त्यांची गाणी मुलाने व नातलगाने टिपून ठेविली, म्हणून त्यांच्या पश्चात १९५२ साली ती छापली गेली. हल्लीच्या नियमाने त्यांना अंगणवाडीत मदतनीससुद्धा होता आले नसते! आमचा उपाय साधा आहे: धडा प्रथम अहिराणीत समजून घ्यावा, अहिराणीत उत्तर सांगावे, आणि मग तेच मराठीत लिहावे. घाई करू नये.

आणि वय झाले, ही सबब तर आमच्या पूर्वजांनी केव्हाच खोडून काढली आहे. जोतीराव फुल्यांचे शिक्षण लोकांच्या सांगण्यावरून बापाने मध्येच बंद केले होते. मळ्यात काम करणाऱ्या त्या मुलाची हुशारी शेजारच्या गफार बेग मुनशी व लिजिट साहेब यांनी ओळखली, बापाची समजूत घातली, आणि १८४१ साली तो पुन्हा शाळेत गेला. म्हणजे ज्या पुरुषाने १८४८ साली मुलींची शाळा काढली, तो स्वतः सुटलेली शाळा पुन्हा धरणारा होता. १८५५ साली त्यांनी दिवसभर राबणाऱ्या शेतकरी-मजुरांसाठी रात्रीची शाळा घरीच काढली. १८८२ साली हंटर कमिशनपुढे निवेदन केले, तेव्हा रयतेच्या कराचा पैसा रयतेच्या मुलांवर खर्च होत नाही हे त्यांनी सरकारास सुनावले, आणि नांगर व वाकस धरता येईल असा शिक्षक मागितला. आमच्या शेजारच्या मालेगाव तालुक्यातील कवळाण्याचा शेतकऱ्याचा मुलगा १८७५ साली, बाराव्या वर्षी, दत्तक जाऊन मग धडे गिरवू लागला. तो बडोद्याचा सयाजीराव. त्याने १९०६ साली आपल्या राज्यात सक्तीचे मोफत शिक्षण केले. त्याला शिकवावयास शिक्षक नेमले गेले, हे खरे. आमच्या सुताराजवळ त्याची मुलगी होती.

तेव्हा आमचे मागणे असे. मंडळाने ज्या शाळेस संपर्क केंद्र नेमले, तिने फॉर्म घेण्यापूर्वी प्रत्येकाची अजमावणी करावी, पाचवी-आठवीची वाट त्याला समजावून द्यावी, आणि आठवड्यातून दोन संध्याकाळी तरी वर्ग घ्यावा. त्यासाठी शिक्षकास मेहनताना द्यावा. फुकट काम लादू नये. ग्रामपंचायतीने आपल्या उत्पन्नाचा दहा टक्के भाग महिला व बालकल्याणावर खर्च करावा असा नियम आहे. तो पैसा बहुतेक ठिकाणी कशात जातो, हे ग्रामसभेत विचारावे, आणि त्यातून सासुरवाशिणींच्या रात्रीच्या वर्गास दिवा, फळा व पुस्तके मागावी. आणि सरकारने ज्या नोकरीस अट वाढविली, त्या नोकरीची तयारी गावातच करून देण्याचा बोजाही उचलावा. अट वर चढवायची आणि शिडी काढून घ्यायची, हा खेळ गरिबाशी फार झाला.

हे सारे होईतो हातावर हात ठेवून बसणे आम्हांस पसंत नाही. पोळा झाल्यानंतरच्या सोमवारपासून आमच्या मराठी शाळेच्या पहिल्या खोलीत रात्री आठ वाजता आम्ही अजमावणी सुरू करीत आहोत. सोमवार व गुरुवार बायांसाठी, मंगळवार व शुक्रवार पुरुषांसाठी. मुलांस खोलीत येऊ देणार नाही. कोणास किती आले हे तिसऱ्यास सांगणार नाही. शेजारच्या गावांतील मास्तरांनी व सेवानिवृत्त गुरुजींनी आपापल्या ठिकाणी असेच करावे. चौथीचे एक पुस्तक, कोरे कागद आणि एक घटका एवढेच भांडवल लागते. केळीच्या मळ्यातील त्या बाईकडे आम्ही पुन्हा जाणार आहोत. तिचे तीनच विषय राहिले आहेत.

येताना शाळा सोडल्याचा दाखला आणावा. नसला तरी यावे. जुनी रजिस्टरे आमच्या कपाटात आहेत, त्यांत नाव सापडते. जन्मतारीख बहुतेकांची १ जून निघेल, कारण पूर्वीच्या मास्तरांनी ज्याची तारीख ठाऊक नाही त्याला तीच लावून दिली; त्यासाठी घाबरू नये, दाखल्यावर जी आहे तीच फॉर्मात लिहावयाची.